चार बोटांचा सौदा

आमच्या आप्पांच्या तोंडावर विश्वास ठेवून कुणाचं भलं झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्यांची मुलगी असून हे सांगते, आणि सांगताना मला काडीइतकंही वाईट वाटत नाही, कारण ते स्वतःच म्हणायचे, "तोंड बाजाराचं, हात धर्माचा." जिनदत्त आप्पा म्हणजे सांगलीच्या हळदबाजारातले अडते. शेतकऱ्यानं गाडीत घालून आणलेली हळद व्यापाऱ्याला विकून द्यायची, हा त्यांचा धंदा. शेतकऱ्याला म्हणायचे, "पाटील, औंदा बाजार लय पडलाय," आणि तेवढ्यात व्यापारी आला की त्याला म्हणायचे, "शेठ, औंदा भाव काय इचारू नका, आग लागलीया." दोन्ही एकाच दमात. आणि गंमत अशी की दोघंही समजून-उमजून हसायचे, कारण दोघांनाही ठाऊक असायचं की आप्पांचा खरा शब्द तोंडात नसतो, तो उपरण्याखाली असतो.

त्या काळी सौदे हत्त्यानं व्हायचे. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती माझ्याकडे संशयानं बघतात, म्हणून नीट सांगते. अडत्या हळदीच्या ढिगाशेजारी बसायचा आणि उजव्या हातावर उपरणं टाकायचा. व्यापारी एकेक करून यायचे, उपरण्याखाली हात घालायचे आणि अडत्याची बोटं दाबून आपला आकडा सांगायचे. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. शेजारच्या माणसालाही कळायचं नाही कुणी किती दिले. सगळ्यांचे हात झाले की ज्याचा आकडा सगळ्यांत मोठा त्याची बोटं आप्पा मुठीत धरायचे आणि "झाला!" म्हणून ओरडायचे. त्यानंतर आभाळ कोसळलं तरी सौदा मोडत नसे. हत्त्याचे नियम म्हणाल तर दोनच. उपरण्याखाली आलेला हात झिडकारायचा नाही, कुणाचाही असो, आधी त्याची बोटं ऐकून घ्यायची. आणि एकदा मुठीत धरलेली बोटं सोडायची नाहीत.

आप्पांची स्वतःची म्हणून आणखी एक खोड होती. हत्ता चालू असताना ते डोळे मिटून बसायचे. डोळ्यांवरनं आकडा कळतो, असं त्यांचं म्हणणं. आणि आकडा तोंडानं उच्चारायचा नाही म्हणजे नाही. घरात सुद्धा. आईनं विचारलं, "पोळ्या किती टाकू?" तर हे तिच्या हाताची बोटं दाबणार. पाहुणे आले की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "आता जेवल्याबिगर जायाचं न्हाई!" आणि आत येऊन आईचा हात पदराखाली धरून नुसता सोडून द्यायचे. म्हणजे कुणी जेवायला थांबत नाहीये, चूल विझव. आई कधी चुकली नाही.

अशा माणसाच्या पोटी मी जन्मले, आणि चव्वेचाळीस सालच्या जूनमध्ये मॅट्रिकच्या वर्गात जाऊन बसले. पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांनी वर्गाला विचारलं, पुढं कॉलेजला कोण कोण जाणार? मुलांचे भराभर हात वर झाले. मुली वर्गात चिमूटभर. त्यांतली विष्णुपंत वकिलांची उमा, तिनं हात वर केला, आणि तिच्या शेजारी बसले होते मी, मीही केला. मला गणित शिकायचं होतं. का ते विचारू नका. काहींना गाणं आवडतं, काहींना श्रीखंड आवडतं, मला गणित आवडायचं. त्रैराशिक सोडवताना मला भूकतहान लागत नसे.

उमाच्या घरी हा प्रश्न चहा पिता पिता सुटला. विष्णुपंत म्हणाले, "जा की," आणि वर्तमानपत्र उलटलं. मी घरी येऊन आप्पांना सांगितलं तर आप्पा ताडकन उठून उभेच राहिले. "व्हय की! शिक की! कालेजात जा, इलायतेला जा, बालिष्टर हो! कोन न्हाई म्हनतंय?" समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. स्वयंपाकघरात आई हसत होती, ते मला बाहेर ऐकू आलं. मी आत गेले तर म्हणाली, "गुणमाला, एवढ्या मोठ्यांदा व्हय म्हनले म्हंजे न्हाईच की गं."

तेव्हा मला कळलं की हे वर्ष माझं दोन परीक्षांचं आहे. एक युनिव्हर्सिटीची मॅट्रिक, तिची मला भीती नव्हती. दुसरी म्हणजे आप्पांचा हात मिळवायचा. एकदा का उपरण्याखाली त्यांनी माझी बोटं मुठीत धरली की मग जगातलं कुणी मला अडवू शकणार नव्हतं. खुद्द आप्पासुद्धा नाही.

आणि आप्पांना हे माझ्याइतकंच पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसापासून घरात आले की उपरणं खुंटीला आणि दोन्ही हात पाठीमागे. मी पाणी द्यायला गेले की म्हणायचे, "ठेव तितं." हात पुढं केला की, "वल्ला हाय." दिवाळीच्या पहाटे मी तेल लावायला बसले, म्हटलं आता कुठं जातील, तर हात काखेत दाबून म्हणाले, "नुसत्या पाठीला लाव." पर्युषण संपल्यावर आमच्या जैनांत क्षमावणी असते. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याबद्दल सगळे हात जोडून एकमेकांची क्षमा मागतात. त्या दिवशी बापाला लेकीपुढं हात जोडावेच लागतात. आप्पांनी जोडले, आणि मी ते जोडलेले हात उपरण्यासकट पकडले! बोट दाबणार एवढ्यात आप्पा म्हणाले, "क्षमा केली, समदी क्षमा केली," आणि हात सोडवून घेऊन जे देवळात पळाले ते दुपारपर्यंत घरी आले नाहीत. देवळात एवढा वेळ बसलेले आप्पा मंडळींनी पहिल्यांदाच बघितले. नंतर गावात बोलवा झाली की जिनदत्ताप्पा आता दीक्षा घेणार.

राग यायचा मला. खूप राग यायचा. वाटायचं, सरळ नाही म्हणाले असते तर रडून तरी घेतलं असतं. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपतात, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक. लढाईमुळे रॉकेल मोजून मिळायचं. त्या मिणमिणत्या कंदिलाशी मी गणितं सोडवत बसायची, आणि समोर आप्पा हात मांडीखाली घालून बसायचे. त्यांची नजर वहीवर असायची. एकदा मी चुकले तर म्हणाले, "हातचा इसरलीस." खरंच विसरले होते.

मार्चमध्ये परीक्षा झाली. पेपर उत्तम गेले. उमा कॉलेजातून प्रवेशाचे दोन फॉर्म घेऊन आली, एक तिचा, एक माझा. लढाईतला कागद, शाई फुटायची, तरी मी वळणदार अक्षरात सगळं भरलं आणि पालकांच्या सहीची जागा तेवढी मोकळी ठेवून फॉर्म आप्पांपुढं ठेवला. "अरे वा! झ्याक!" म्हणाले. "ऱ्हाऊ दे हितं. बगू." दुसऱ्या दिवशी बघते तर त्या फॉर्मवर हळदीचे तीन नमुने वाळत घातलेले. मी हळकुंडं अंगणात भिरकावून दिली. कोपऱ्यावर पिवळा डाग पडला तो पडलाच.

आता घोडं कुठं पेंड खात होतं, ते सांगते. हळदीचा हंगाम सुरू झाला की साताऱ्याचे धन्यकुमार शेठ खरेदीला सांगलीत उतरायचे. जुनं गिऱ्हाईक, आमच्यातलेच. त्यांना एक लग्नाचा मुलगा होता. मुलगा वाईट नव्हता हो, उगाच का नावं ठेवू? दिसायला बरा, स्वभावानं गरीब, दुकानावर बसायचा. माझं त्याच्याशी वैर नव्हतं. पण तो काही मला गणित शिकवणार नव्हता. शेठनी शब्द टाकला होता आणि आप्पांनी सवयीप्रमाणं तोंडानं "व्हय व्हय" म्हणून ठेवलं होतं. ते तोंडाचं होतं, म्हणून शेठनाही त्याची किंमत माहीत होती. त्यांना हात हवा होता. माझ्यासारखाच.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी आई दळण निवडता निवडता म्हणाली, "उद्या दुकानात मुहूर्ताचा सौदा हाय. हळदीचा झाला की शेठ तुजा हात मागनार. हत्त्यानं. पेठंतल्या समद्यांच्या देखत."

अक्षय तृतीयेचा सौदा कधी नासत नाही, अशी बाजाराची श्रद्धा. उद्या आप्पांनी शेठची बोटं मुठीत धरली की मी साताऱ्याला गेले. फॉर्म, गणित, कॉलेज, सगळं बाराच्या भावात.

"मग मी काय करू?" मी विचारलं. खरं म्हणजे ओरडले.

आई सुपातले खडे वेचत राहिली. "सालभर तू त्येंचा हात घरात मागतीयास. घरात त्येंचा हात बापाचा हाय, तो पळनारच. दुकानात तो अडत्याचा असतोय." एक खडा उचलून तिनं बाहेर टाकला. "आनि अडत्याला आलेला हात झिडकारता येत न्हाई."

माझी आई शाळेत गेली नव्हती, पण वकील व्हायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. आजच्या मुलींना यात काय मोठंसं वाटणार? पण त्या वेळी हळदपेठेत सौद्याच्या वेळी बाईमाणूस कधी कुणी पाहिलेलं नव्हतं. दाराशी गुंडा हमाल होता, म्हातारा, मी रांगत होते तेव्हापासूनचा. त्यानं मला बघून डोक्यावरचं पोतंच खाली टाकलं. "आवं ताई, तुमी हितं? काय इपरीत झालं का घरात?"

"अजून नाही झालं," मी म्हटलं. "बाजूला हो."

आत दाटी होती. हळदीच्या ढिगाला हार घातलेला, नारळ फोडलेला. हळदीचा सौदा नुकताच झाला होता. आप्पा गादीवर डोळे मिटून, हातावर नवंकोरं उपरणं घेऊन बसले होते. आणि धन्यकुमार शेठ लोकांना हसून सांगत होते, "आता जरा घरचा सौदा हाय मंडळी. माल नको, सून पायजे." सगळे हसले. शेठनी उपरण्याखाली हात घातला, आणि आप्पांच्या कपाळावर आठी पडली. पुढं शेठच सगळ्यांना सांगत सुटले म्हणून माहीत, त्यांनी एक बोट दाबलं होतं. एका वर्षाच्या आत लग्न.

आप्पांची मूठ मिटत नव्हती. पण उघडी तरी किती वेळ राहणार?

पुढच्याचा हात यावा म्हणून रीतीप्रमाणं शेठचा हात बाहेर आला तशी मी दोघां-तिघांना ढकलून पुढं गेले आणि उपरण्याखाली माझा हात घातला.

आप्पांनी डोळे उघडले नाहीत. पण हात ओळखला त्यांनी. न ओळखायला काय झालं? त्या बाजारात कुठल्या व्यापाऱ्याच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या? मी चार बोटं दाबली. बी. ए.ची चार वर्षं.

आप्पांनी माझी दोन बोटं दाबली. इंटरपर्यंत शीक, मग बघू. म्हणजे अडत्याच्या हातातनं बाप हळूच डोकावत होताच! मी पुन्हा चार दाबली, जोरात, नखं लागतील इतक्या जोरात. त्यांनी तीन दाबली. मला त्या परिस्थितीतही हसू फुटलं. तीन वर्षांची कसली पदवी? त्यांना सवयच ती, मध्यावर तोडायची. मी चार दाबली आणि मग मला काय झालं कोण जाणे. वर्षभर साठवलेला सगळा राग त्या बोटांतनं उतरून गेला आणि उरली ती निव्वळ भीती. आप्पा, धरा ना हो. एवढंच माझ्या मनात होतं, आणि ते सांगायला हत्त्यात बोट नाही.

आप्पांनी मूठ मिटली. माझी चारी बोटं तिच्यात.

"झाला!" ते ओरडले.

धन्यकुमार शेठ लालबुंद झाले. "आप्पा, हे काय? पोरीचा हात सौद्यात? ही काय रीत झाली?"

आप्पांनी डोळे उघडले. "शेठ, कापडाखाली हात तो हात. बाप्याचा का बाईचा, रीतीत कुटं सांगितलंय? ह्यो तुमचा आकडा." त्यांनी एक बोट वर केलं, मग चार. "आन् ह्यो हिचा. म्होटा आकडा कुनाचा, तुमीच सांगा."

पेठ खदखदून हसली. गुंडा तर ढिगावरच बसला. शेठ पाच मिनिटं रुसले, मग व्यापारीच ते, मोठा आकडा त्यांना मान्य करावाच लागला. जाताना मला म्हणाले, "पोरी, तू साताऱ्यात दुकान टाक. आमी समदे उपाशी मरू." त्या संध्याकाळी आप्पांनी फॉर्मवर सही केली. डाग पडलेल्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले, "हळद लागली हाय, शुभ हाय," जसं काही मुद्दामच लावली होती.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण आमच्या आप्पांना अजून कॉलेज बघायचं होतं.

जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागला, मी पास झाले, गणितात तर शाळेत पहिली. कॉलेज गावाबाहेर. प्रवेशासाठी प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटायचं होतं, पालकांना घेऊन. उमाचं काम आदल्या दिवशीच झालं होतं. आप्पांनी नवा फेटा बांधला, तेच तृतीयेचं उपरणं खांद्यावर टाकलं आणि आम्ही टांग्यातून निघालो. वाटेत मी त्यांना बजावलं, "आप्पा, तिथं बाजार नाही. मोजकं बोला."

"म्या कवा जास्ती बोलतो?" आप्पा म्हणाले.

प्रिन्सिपॉलसाहेब पुण्याकडचे, नव्यानंच आलेले. कोट, चष्मा, चेहरा त्रासलेला. माझे मार्क बघून म्हणाले, "उत्तम." मग आप्पांकडे वळले. "पण मी स्पष्टच सांगतो. मुलींना प्रवेश द्यायला माझी ना नाही. वडील येतात, मुलगी शिकणार म्हणून शब्द देतात, आणि दिवाळी झाली की माझ्या टेबलावर लग्नपत्रिका येऊन पडते. बाक रिकामा. गेल्या वर्षीचा माझा अनुभव सांगतोय. तुमच्या शब्दाचा भरवसा काय?"

आता हा प्रश्न आप्पांना कुणी विचारायला हवा होता का? शब्दाचा भरवसा! आयुष्यभर ज्या माणसानं शब्दावर कधी भरवसा ठेवला नाही आणि ठेवू दिला नाही, त्याला! आप्पांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, साहेब जाणकार दिसतात, यांना तोंडाचं नको, हातच पाहिजे. ते उठले, टेबलाला वळसा घालून साहेबांच्या शेजारी गेले, खांद्यावरचं उपरणं काढून साहेबांच्या हातावर टाकलं आणि खालून त्यांची बोटं धरली.

साहेब विंचू चावल्यासारखे उडाले. दौत कलंडली. "काय करताय तुम्ही? हातात काय कोंबताय?" त्यांचा आवाज चिरकला. "लाच? माझ्या कॉलेजात, भर दिवसा, मला लाच?"

"न्हाई न्हाई साहेब, बोटं बगा की, बोटं..." म्हणत आप्पा पुन्हा उपरण्याखाली त्यांचा हात शोधायला लागले, त्यामुळे ते जास्तच बिघडलं. साहेबांनी शिपायाला हाक मारली आणि माझा फॉर्म टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "घेऊन जा हे. अशा मार्गानं इथं प्रवेश मिळत नाही."

अक्षय तृतीयेला पेठेत जिंकलेलं सगळं त्या एका उपरण्यानं घालवलं होतं. मी काही सांगायला गेले तर साहेबांनी हात वर करून मला गप्प केलं. शिपाई दारात येऊन उभा राहिला. मी फॉर्म उचलला.

आप्पा माझ्याकडे बघत होते. असे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी उपरण्याची नीट घडी घातली आणि ती टेबलावर ठेवली. अडत्यानं भरल्या बाजारात उपरणं खाली ठेवणं म्हणजे दुकान बंद करणं. त्यांनी उजवा हात साहेबांपुढं उघडा धरला. हळदीनं वर्षानुवर्षं पिवळा होत आलेला हात.

"बगा साहेब. रिकामा हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज बाजारातला नव्हता. त्यांनी अंगठा आत मुडपला आणि उरलेली बोटं वर केली. आणि जन्मात कधी तोंडानं न उच्चारलेला आकडा त्यांनी मोठ्यानं उच्चारला. "चार. चार वर्सं. मदनं काढनार न्हाई. सोन्याच्या घरचं स्थळ आलं तरी न्हाई. ही पोर सालभर माज्या मागं हात मागत फिरली आन् म्या पळत फिरलो. मला वाटायचं, लय शिकली तर आपल्या हातनं जाईल. आता जाऊ दे. पर तिला घ्या." मग म्हणाले, "हे म्या तोंडानं सांगतोय. आजपातुर तोंडानं कुनाला खरं सांगितलं न्हाई, म्हनून जमंना झालंय."

मी रडत होते. शिपाईसुद्धा कुठं बघावं ते न कळून पंख्याकडे बघत होता.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे हे सगळं तुम्ही मघाशी त्या कापडाखाली सांगत होतात?"

"व्हय."

"मग मी काय करायचं असतं?"

"पटलं तर बोटं धरायची."

साहेब उठले. त्यांनी आप्पांची चारी बोटं अवघडून मुठीत धरली. कशी धरायची ते त्यांना येत नव्हतं, आप्पांनी दुसऱ्या हातानं त्यांची मूठ नीट मिटवून दिली. "झाला," साहेब म्हणाले. अगदी हळू, पण म्हणाले खरे. त्यांच्या तळव्याला पिवळा रंग लागला तो ते बराच वेळ बघत बसले.

आम्ही दाराशी पोचलो तेवढ्यात आप्पा वळले. "साहेब, येक ऱ्हायलं. थंडीत दिस लवकर मावळतोय आन् आमच्यात अंधारात जेवत न्हाईत. पोरीला जरा दिसाउजेडी सोडत जावा." सौद्यानंतर वर मूठभर मागून घ्यायची अडत्यांची सवय. साहेब हसले आणि मान हलवली. टांग्यात बसल्यावर मी बघितलं तर आप्पांचे डोळे भरलेले. "हळद गेली," म्हणाले. टांग्यात कुठली हळद?

पुढची चार वर्षं मी त्या कॉलेजात शिकले. धन्यकुमार शेठ दर हंगामात यायचे, आता धाकट्यासाठी विचारायचे, आणि आप्पा पेठेच्या या टोकापासून त्यांना चार बोटं दाखवायचे. दुसऱ्या वर्षी तीन, मग दोन, मग एक. उरलेल्या वर्षांची. पोरंटोरंही आप्पांना बघून बोटं दाखवायची.

एकोणपन्नास साली बी. ए.चा निकाल लागला. संध्याकाळ होत आली होती. आई आतून हाका मारत होती की दिवस मावळतोय, जेवायला बसा. मी आप्पांना निकाल सांगितला. मला वाटलं, आता सौदा पुरा झाला, चारीच्या चारी वर्षं चुकती झाली, आता शेठना निरोप जाणार. आप्पा ओसरीवर बसले होते. "बेस झालं," म्हणाले.

उपरणं आत खुंटीला होतं. आप्पांनी उघडा हात माझ्यापुढं धरला आणि दोन बोटं वर केली.

मला पहिल्यांदा कळेचना. मग कळलं. पुण्याला जाऊन एम. ए. करायचं तर आणखी दोन वर्षं लागतात, ते त्यांनी कुणाला तरी विचारून ठेवलं होतं. कुठल्या अडत्यानं आजवर आपण होऊन समोरच्याचा आकडा वाढवलाय? ते डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते, माझी मूठ मिटायची वाट बघत, त्या दिवशी पेठेत मी त्यांची बघितली होती तशीच.

मी ती दोन्ही बोटं मुठीत धरली.